यंत्रावरची जाळी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. मठात जाऊन सिस्टर झालीस तरी मला तू धाकटीच, म्हणून नमस्कार घालत नाही. रागावू नकोस.

आमच्या धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात एका बाईची तीन बोटं गेली, हे कळवलं होतंच. हात आत जाऊ नये म्हणून यंत्रावर जाळी असते. ती तिनेच काढली, असं चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं. फिटर म्हणून खाली मी सही केली. तिला घरी बसवलं.

ती देवळात आमच्याच बाकावर बसते. फादरनी एकमेकांना शांती द्या म्हटलं, की हात मिळवायला ती डावा हात पुढे करते. दोन रविवार मी खोकल्याचं निमित्त केलं, तिसऱ्याला खांबाआड बसलो. तिथेही फादरनी वाचलेल्या शुभवर्तमानाने गाठलंच: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. मी चौथी शिकलेला. तिथे भाऊ म्हटलंय, ही तर नात्याची नाही. तुझं काय मत?

तुझा दादा

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,

स. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसू आलं, मग थांबलं. लहानपणी बरणी फोडलीस की मांजराचं नाव घ्यायचास. मांजर मरून महिना झाला तरी घेतलंस!

न्यायाला दाराबाहेर ठेवून जी शांती घरात येते, ती नुसती चुप्पी असते. तिने जाळी काढली नसेल, तर कोणी काढली? मतं नंतर विचार.

माझ्यावर चिडलास तरी लिही.

धाकटी

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. मी काढली. जाळीत चादरी अडकतात, काम मागे पडतं, जेवणाच्या सुट्टीत काढून टाक, असं मुकादम म्हणाला. नंतर जाळी नाही हे वाफेत तिला दिसलं नाही. तोंड उघडलंस तर तुझ्या मुलाला दार दाखवीन, असंही तोच म्हणाला. मुलगा तिथेच गाडी भरतो, त्याला दोन लेकरं. इकडे आड, तिकडे विहीर. शुक्रवारी फेरचौकशी आहे. प्रार्थना कर, पण काय मागितलंस ते कळवू नकोस.

दादा

ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. शुक्रवारी सगळं सांगितलं. संध्याकाळी मुलाला काढलं. सून ताट समोर ठेवून आत जाते. मुलगा एवढंच म्हणाला, की निदान मला आधी विचारायचं होतं.

फादर म्हणाले, क्षमा मिळाली, आता स्वस्थ राहा. मलाही वाटलं, आता झोप लागेल.

काल ती दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. आधी मी धाकाने सही केली एवढंच तिला माहीत होतं, जाळी मीच काढली हे शुक्रवारी कळलं. तिने विचारलं, की जाळीला स्क्रू किती होते. आठ, म्हटलं. काढायला वेळ लागत असेल, म्हणाली. लागतो, म्हटलं. मग म्हणाली, की त्या वेळात ती भिंतीपलीकडे डबा खात बसली होती, एक हाक मारली असती तरी ऐकू आली असती. एवढं बोलून गेली.

धाकटे, मुकादमाने हाक मारू नकोस असं कुठे म्हटलं होतं? कोणीच म्हटलं नव्हतं. सकाळपासून येरझाऱ्या घालतोय.

उत्तराची घाई नाही. माया मात्र आटू देऊ नकोस.

दादा