शिंप्याच्या लेकीचं माप

ती. बाबांना,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

इथे परदेशातल्या पोषण केंद्रातही माझ्या हातात फीतच आहे. उपाशी लेकरांचे दंड मोजते. दंड फार बारीक असला की फितीवर लाल येतं, मग खाण्याची पाकिटं मिळतात; हिरवं आलं की बंद.

गेल्या महिन्यात एका पोराचं सूतभर हिरवं आलं. "जरा आवळा ना," त्याची आई म्हणाली. मी तुमचीच लेक. म्हटलं, माप म्हणजे माप.

आज ती आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आली. थोरला कुठंय, हे मी विचारलं नाही. त्याचा सदरा हिच्या अंगात होता. हिचंही सूतभर हिरवंच. मी फीत आवळली, पोर किंचाळेपर्यंत.

बाबा, आयुष्यात पहिल्यांदा खोटं माप घेतलं. तेही एक पोर उशिरा.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी