लसीच्या फ्रिजमधला डबा

२८ मे

शिवराजचा व्हिसा आला! युगांडा. दोन वर्षांचं काम, बोअरवेलच्या गाडीवर. बाबांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तो तारा गुंडाळायला शिकला, आता तेच हात आफ्रिकेत चालणार.

आईने पासपोर्ट लगेच देवापुढे ठेवला. आमच्याकडे घरात नवं काही आलं की आधी देवापुढे — माझी नर्सिंगची डिग्री तिथे, पहिला पगार तिथे, बाबांचा चष्मासुद्धा! संध्याकाळी एजंट ओमकारने पासपोर्ट उघडला, तर पहिल्याच पानावर कुंकवाचं बोट. "काय सत्यवतीकाकू, एअरपोर्टवाले याला पासपोर्ट म्हणतील की लग्नपत्रिका?" सगळे हसले. मीही.

एक अट मात्र ओमकारने हसता हसता सांगून टाकली. पहिल्या सहा महिन्यांत कुणाला मोठा आजार झाला, तर कंपनी परत पाठवते. जागा गेली.

१ जून

यलो फीव्हरची लस शिवराजने सरकारी केंद्रात जाऊन मुकाट घेतली, कारण तिच्या कार्डाशिवाय विमानात घेत नाहीत. बाकीच्या लसी-गोळ्यांसाठी मी आठवडाभर घसा फोडते आहे. टायफॉइड, काविळीची हिपॅटायटिस-ए, मलेरियाच्या गोळ्या...

"सक्ती आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

या एका "मग"पुढे माझी चार वर्षांची डिग्री गप्प बसते.

तारनाक्याला आमच्या क्लिनिकमध्ये लोक बालीला आठ दिवस फिरायला जायचं म्हणून येतात. टोचल्यावर पोहता येईल का, बीअर चालेल का, असं विचारतात. त्यांना मी हसून उत्तरं देते. आणि माझा स्वतःचा भाऊ, जो दोन वर्षं कुठलंही पाणी पिणार, त्याला मी पटवू शकत नाही! शिकवलं कशाला मला?

४ जून

तडजोड झाली. मलेरियाच्या गोळ्या घेईन म्हणाला. लस मात्र एकच — "दोन सुया नक्को, अक्का. आणि तुमच्या क्लिनिकात येणार नाही, तिथं सगळे इंग्लिश बोलतात." मी कावीळ निवडली. क्लिनिकच्या प्रमुख नीलिमा मॅडमनी घरी नेऊन टोचायला परवानगी दिली.

७ जून

लस आणायला क्लिनिकच्या फार्मसीत गेले. फ्रिज उघडला तर लसींच्या शेजारी हर्षदचा डबा. दहीभात! किती वेळा सांगितलं, लसीच्या फ्रिजमध्ये खायचं ठेवायचं नसतं. हर्षद फार्मसिस्ट आहे, त्याला का हे ठाऊक नाही?

"काइकू गरम होती, मॅडम टेंपरेचर? डबा दारात आहे, लस आत. दोघांचं भांडण नाही."

मॅडम टेंपरेचर! सगळ्या स्टाफसमोर.

बर्फाच्या पिशवीतून लस घरी आणली. भरलेलं इंजेक्शन, वीतभर खोकं. आईला बजावून सांगितलं — हे थंडच राहिलं पाहिजे. गरम झालं की वाया. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवलं.

८ जून

टोचलं! नीट हलवलं तरी औषध एकजीव होईना, तळाशी पांढरं पांढरं बसत होतं. खिडकीशी उजेड कमी होता, आणि शिवराजला कुणाला तरी भेटायला पळायचं होतं. "अक्का, टोच लवकर, बैलाला टोचतात तसं!" आई कौतुकाने बघत उभी. मला वाटलं, आज पहिल्यांदा माझं शिक्षण या घराच्या कामी आलं.

२९ जून

गेला. आईने तळहातावर दही ठेवलं. मी बॅगेत मीठ-साखरेची पाकिटं, गोळ्या आणि एका कागदावर सूचना — पाणी उकळूनच. तो कागद तो वाचणार नाही, हे ठाऊक असूनही.

१८ ऑगस्ट

शिवराजचा फोन. डोळे पिवळे.

२० ऑगस्ट

रिपोर्टचा फोटो त्याने पाठवला. हिपॅटायटिस-ए. मी तीनदा वाचला. जिच्यासाठी टोचलं, तीच.

"काय पिलास तू?" मी ओरडलेच.

"सगळ्यांनी पिलं तेच. अक्का, माझ्याबरोबर भैंसा गावचा पोरगा आहे, त्याने काहीच टोचलं नव्हतं. तो ठणठणीत आहे."

३१ ऑगस्ट

परत आला. हाडं आणि हळद. कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. ओमकार म्हणतो, "बघतो, पण आता कठीण."

शेजारच्या भामाकाकू बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ज्याची बहीण नर्स, त्यालाच कावीळ झाली की हो!" आई चहा ठेवायला आत गेली. बाबा दुकानात निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

३ सप्टेंबर

झोप नाही. ही लस जवळजवळ सगळ्यांवर लागू पडते. टोचून तीन आठवड्यांनी तो गेला, म्हणजे वेळही पुरेसा. मग उरतं एकच — लस आधीच मेलेली होती. कुठे मेली?

डोळ्यांसमोर सारखा तो स्टीलचा डबा येतो.

५ सप्टेंबर

नीलिमा मॅडमना सांगितलं. त्यांनी फ्रिजच्या तापमानाचा आलेख काढून दाखवला. जून महिना सरळ रेघ. "त्रिवेणी, एखाद्याला लस लागू पडत नाही. होतं असं."

होतं असं! मॅडमच्या भावाला झालं असतं तर? आपल्या क्लिनिकचं नाव राखायचं, एवढंच यांना कळतं. आणि माझं दुःख एका सरळ रेघेत बसवायचं.

९ सप्टेंबर

औषध खात्याकडे तक्रार केली. नाव घालून, सही करून. शिवराज म्हणाला, "सोड ना अक्का." नाही सोडणार! कुणीतरी खरं बोलायला हवं. नाहीतर शिकून फरक काय पडला?

२३ सप्टेंबर

इन्स्पेक्टर आले. फ्रिज उघडला. दारात डबा! आज दहीभातही नव्हता, टोमॅटो घातलेली डाळ, पप्पू होती. मला हसू आवरलं नाही. क्लिनिकला नोटीस.

२४ सप्टेंबर

मॅडमनी हर्षदला काढलं.

जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. चेष्टा नाही, "मॅडम टेंपरेचर" नाही. "त्रिवेणी, डबा ठेवला ती माझी चूक. मानतो. पण लस माझ्या फ्रिजमध्ये खराब नाही झाली. तुमच्या घरी कुठं ठेवली होती?"

माझ्या घरावर बोट! "आमच्या घरी फ्रिजमध्ये डबे ठेवतात, कारण तो घरचा फ्रिज आहे," मी म्हटलं. "पण लसीला कुणी हात लावत नाही. मी बजावून सांगितलं होतं."

त्याने बॅग खांद्याला लावली. मग गेला. मला वाटलं होतं, हलकं वाटेल.

६ ऑक्टोबर

क्लिनिकमध्ये माझ्याबरोबर कुणी जेवायला बसत नाही. रिसेप्शनची स्नेहा फोनवर कुणाला तरी सांगत होती, हर्षदला अजून कुठे काम नाही, नोटिशीचं ऐकून लोक मागे सरतात. मी येताच आवाज खाली. असू दे. खऱ्याच्या बाजूने उभं राहिलं की एकटंच जेवावं लागतं.

घरी शिवराज दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. बाबा त्याला दुकानात बोलवत नाहीत. तोही जात नाही.

२ नोव्हेंबर

ओमकार आला! दुसरी कंपनी, युगांडाच. शिवराजचे रिपोर्ट आता चांगले आहेत, त्यांनी हो म्हटलंय. शिवराज उठून बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून दाढी केली.

"या वेळी टायफॉइड पण टोच, अक्का. दोन सुया, चार सुया, जे म्हणशील ते." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ नोव्हेंबर

टायफॉइडची लस आणली. क्लिनिकमध्ये नवा फार्मसिस्ट आहे, फ्रिज आरशासारखा. मी स्वतः तापमान बघून खोकं काढून घेतलं. आता चुकायला जागाच नाही. घरी मधल्या कप्प्यात ठेवलं, आईला पुन्हा तेच बजावलं. उद्या सकाळी टोचणार.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी

दुकानातून बाबांचा डबा घेऊन आले, तर लस देवापुढे. खोक्यावर हळदीकुंकू, शेजारी तेवता दिवा.

"आई!"

"अगं, घेते ना आता उचलून. मागच्या लसीच्या वेळी पण असंच केलं होतं. घरात येतं ते आधी देवाला दाखवायचं, मग अंगाला लावायचं. तू गार पाहिजे म्हणालीस, म्हणून नंतर रात्रभर वर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, चांगलं कडक गार. पहाटे परत खाली."

गोठलेली लस मरते. वितळली की तळाशी पांढरं बसतं. हे मला परीक्षेला आलं होतं.

"चुकलं का गं माझं काही?"

"नाही," मी म्हटलं.

हर्षद बरकतपुऱ्याला राहतो. लांब नाही. एवढं लिहून निघते.