तेवीस वर्षांचा गॅप

२३ जून २०२५, सोमवार

गॅप! म्हणे माझ्या शिक्षणात तेवीस वर्षांचा गॅप आहे!

आज अर्ध्या दिवसाचा खाडा करून कॉलेजच्या ऑफिसात गेले. बारावी केली तेच कॉलेज. आता तिथेच बहिःस्थ बी.ए.चा फॉर्म भरायचा आहे. खिडकीत राजेंद्र सर म्हणून क्लार्क बसतात, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. एका दमात म्हणाले, "मावशी, टीसी लागेल, गॅप सर्टिफिकेट लागेल, सध्या प्रोव्हिजनल देतो, एलिजिबिलिटी झाली की कन्फर्म. शेवटची तारीख अकरा जुलै." मी म्हटलं, जरा मराठीत सांगा. तर म्हणतात, "मराठीतच सांगतोय की!"

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मी बाहेर आले आणि सोमाटण्यापर्यंत रिक्षात एकटीच भांडत बसले. सगळी उत्तरं तेव्हा सुचली.

२४ जून

भाकऱ्या थापता थापता चैतालीकडून सगळे शब्द समजून घेतले. लेक एस.वाय.ला आहे, तिला हे सगळं पाठ.

टीसी म्हणजे आधीच्या कॉलेजातून नाव काढल्याचा दाखला. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता प्रवेश — कागद पुरे होईपर्यंत लटकत राहायचं. एलिजिबिलिटी म्हणजे ही बाई शिकायला पात्र आहे असं विद्यापीठाने म्हणणं. पात्र! बारावीला वर्गात दुसरी आले होते मी. तेव्हा पात्र होते की, कुणी विचारलं?

फॉर्मवर क्रेडिट असाही शब्द होता, ते म्हणजे पंधरा तास शिकलं की एक. मी विचारलं, "सतरा वर्षं पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडतेय, दांडी हातात घेतली की लांबी न मोजता सांगते — त्याचे किती?" "आई, असं नसतं गं." मग कसं असतं?

शेवटी तिने क्रेडिटच्या बँकेचं सांगितलं. म्हणजे शिक्षण मध्येच सोडावं लागलं तरी जेवढं झालं तेवढं नावावर जमा राहतं. सात वर्षांपर्यंत कधीही आलं तरी तिथून पुढे. वाया काही जात नाही.

हे ऐकता ऐकता भाकरी करपली.

२६ जून

सुपरवायझर म्हणतो, "विशाखाताई, बी.ए. करून गुलाबाच्या दांड्या लांब होणार का?" म्हटलं, दांड्या नाही, माझी जीभ होणार. दिवसभर पुन्हा वाटेला गेला नाही.

२९ जून, रविवार

बारावीची मार्कशीट हवी म्हणून पेटी उपसली. सापडली. आईने दिलेल्या त्याच खाकी पाकिटात, आणि तिच्याबरोबर तो फोटोही. मार्कशीट आणि फोटो आईने एकत्र का ठेवले ते तिलाच ठाऊक.

फोटो बारावीच्या निरोप समारंभाचा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी. मी म्हणजे चौकोनी भोक! कात्रीने नीट कापलेलं. शेजारी कोमलचं तोंड शाबूत, पण वेणी अर्धीच; उरलेली अर्धी माझ्याबरोबर गेली.

लग्नानंतर पहिल्यांदा, नागपंचमीला, माहेरी गेले तेव्हा हे पाकीट आईने हातात दिलं होतं. भोक बघितलं आणि काय ते समजले. स्थळाला दाखवायला पोरीचा एकही फोटो घरात नव्हता ना! मग मैत्रिणींतून कापून काढली मला आणि दिली धाडून इथे परंदवडीला. वडील, आमचे दादा, बुद्धविहारात शिक्षणावर भाषणं ठोकायचे, टाळ्या घ्यायचे, आणि घरी येऊन म्हणाले, स्थळ चांगलं आहे, बारावी पुष्कळ झाली. निकालानंतर आठवड्यात लग्न! त्यांना तरी मी बोलू शकले, भांडले, चार दिवस जेवले नाही. आई मात्र तोंडातून शब्द काढेना. नुसती भांडी घासत बसली. दादांवरचा राग त्यांच्याबरोबर गेला. आईवरचा नाही गेला. लिहून टाकते — नाही गेला.

लग्नाला महिना झाला असेल, तेव्हा आई भर पावसात आंदर मावळातून इथे आली होती. अर्धी वाट चालत आली असणार, गुडघ्यापर्यंत चिखल होता. सासूबाईंशी बाहेर ओट्यावर बराच वेळ काहीतरी कुजबुजली. मी मुद्दाम चुलीपुढून उठले नाही. सासूबाई आत आल्या, म्हणाल्या, "तुझी आई गेली, च्या बी घेतला न्हाई." जाऊ दे म्हटलं.

२ जुलै

भावाच्या फोनवर आईशी बोलले. पंचाहत्तरी झाली तिची, ऐकू कमी येतं. ओरडून सांगितलं की कॉलेजात जातेय. वाटलं, या वयात कशाला म्हणेल. तर म्हणाली, "तो चस्मेवाला कारकून हाय का गं तितं अजून? लय भला मानूस."

कॉलेजातला कारकून हिला कुठून माहीत असायचा! निराधार योजनेच्या पगाराला बँकेत जाते, तिथला आठवला असेल. मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला.

४ जुलै

वडगावला जाऊन आले. तहसीलबाहेर प्रदीप म्हणून टायपिंगवाला बसतो, त्याच्याकडे गॅपचं प्रतिज्ञापत्र तयारच असतं, फक्त नाव आणि सालं घालायची. त्याने छापून पुढ्यात ठेवलं. वाचलं आणि डोकंच फिरलं!

"सन २००२ पासून आजतागायत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही, तसेच कोणत्याही गैरकृत्यात सहभाग घेतलेला नाही. सदर काळात मी घरीच होते."

घरीच होते! दोन बाळंतपणं, सासूबाईंचं चार वर्षांचं अंथरूण, सतरा वर्षं गुलाबाचे काटे — आणि मी घरीच होते! वर गैरकृत्यही केलं नाही म्हणून सरकारला हमी द्यायची! म्हटलं, भाऊ, हे खोटं आहे, मी सही करणार नाही. तो म्हणाला, "ताई, सगळे हेच करतात. वाचत कोणी नाही." म्हटलं, मी वाचते.

अर्धा तास भांडले. शेवटी वैतागून त्याने नोकरीचं वाक्य उडवलं आणि "घरीच होते"च्या जागी "नोकरी व संसार करीत होते" असं टाइप केलं. "कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नाही" एवढं राहू दिलं, कारण ते तरी शंभर टक्के खरं आहे.

सही केली. झकास केली!

७ जुलै, सोमवार

घरी आल्या आल्या वही काढून बसले.

राजेंद्र सरांनी टीसीसाठी जुनं रजिस्टर काढलं. त्यात बोट फिरवलं, माझ्या प्रतिज्ञापत्राकडे बघितलं, पुन्हा रजिस्टरकडे. मग भर रांगेत मोठ्याने, "मावशी, तुम्ही एफवायला होतात की! जुलै दोन हजार दोन. ऑक्टोबरला नाव कमी — सतत गैरहजर. आणि इथे लिहून देताय प्रवेश घेतला नाही? खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा असतो, माहितीये ना?"

मी खोटी! त्या जुलैत मी परंदवडीत भाताच्या लावणीला गुडघाभर चिखलात होते, माझा कसला एफवाय! दुसरीच कुणी असेल माझ्या नावाची, नाहीतर तुमच्याच कुणीतरी झोपेत लिहिलं असेल. हे सगळं मी मोठ्याने बोलले, आणि बरंच मोठ्याने. म्हटलं, फॉर्म भरल्याशिवाय नाव चढतं का? मग दाखवा माझा फॉर्म. माझी सही दाखवा, मी स्वतः पोलिसांत जाते!

ते म्हणाले, जुने गठ्ठे माळ्यावर आहेत, शिपाई रजेवर आहे, गुरुवारी या. आणि फॉर्म सापडेपर्यंत प्रवेश थांबवला आहे. शुक्रवारी मुदत संपते! तेवीस वर्षांनी उंबऱ्यापर्यंत आले तर ही बाई लबाड म्हणून हाकलणार. दुसऱ्याच्या चुकीपायी!

चैताली म्हणते, आई, शांत हो. नाही होत.

८ जुलै

काटा रुतला अंगठ्यात. सतरा वर्षांत पहिल्यांदा हातमोजे घालायला विसरले.

१० जुलै, गुरुवार

फॉर्म सापडला. राजेंद्र सरांनी धूळ झटकली आणि माझ्यापुढे सरकवला.

नाव माझं, माहेरचं. वर लाल शाईत "तात्पुरता प्रवेश". विद्यार्थिनीच्या सहीची जागा रिकामी, शेजारी पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, "मुलीचे लग्न झाले आहे. सासरची परवानगी घेऊन येते असे आईने सांगितले. सही बाकी." पालकाच्या जागी निळा अंगठा. भागुबाई, निशाणी डावा अंगठा. तारीख ३ जुलै २००२.

कोपऱ्यात चिकटवलेला फोटो चौकोनी, कात्रीने नीट कापलेला. मी आहे. खांद्याशी कोमलची अर्धी वेणी.

राजेंद्र सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, जुना प्रवेश दाखवून प्रतिज्ञापत्र नवं करून आणा. उद्या मी थांबतो, कितीही वाजू देत."

बाहेर पायरीवर बसून भावाला फोन लावला, म्हटलं, आईला दे. ओरडून एवढंच सांगितलं, "आई, तो चष्मेवाला कारकून आता नाही गं इथे."

"मंग कागूद गावला व्हय तुला?" आई म्हणाली.