बिनचूक अहवाल

१४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. तू, भावोजी, छकुली मजेत असाल. मी ठीक आहे, जेवतो वेळेवर, आईला तसं सांग.

कॉलेजचं विचारलंस. त्यावर नंतर लिहितो.

इमारतीच्या देखभालीचं काम बरं आहे. मोठ्या इमारतींनी वर्षभरात किती वीज जाळली, किती पाणी वापरलं, त्याचा अहवाल पालिकेला भरून द्यायचा, असा नियम आहे. आमचे मॅनेजर म्हणाले, "तू अर्धामुर्धा का होईना शिकलायस, तूच भर." भरलं. पाण्याचा आकडा चुकला आणि पालिकेतून फोन आला. फोनवर ती होती.

हो, तीच, कॉलेजातली. तिथे अहवाल तपासायला लागलीये. आधी "आपण कोण बोलताय" झालं, मग आवाज ओळखून हसली. म्हणाली, "अरे, एवढं पाणी प्यायला तुमच्याकडे हत्ती राहतात का?" ताई, किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं.

मग पाण्याचा आकडा सुधारताना मी विजेचा बिघडवला. मुद्दाम. पुन्हा फोन. पुढच्या वेळी एक रकाना कोराच सोडला. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील.

परवा ती स्वतः आली. तळघरात, पंपांच्या घरघरीत, मीटरसमोर उभी राहून म्हणाली, "तुझ्या एका इमारतीपायी माझी नोकरी कायम व्हायची थांबलीये. साहेब सगळ्यांदेखत बोलले मला."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "कोण साहेब? बघतोच त्याला."

ती म्हणाली, "सर मला बोलले तेव्हाही असाच त्यांच्या अंगावर गेलास नि कॉलेज सोडून बसलास. मी सांगितलं होतं? तू कॉलेज का सोडलंस ते लोक अजून मलाच विचारतात. माझ्यासाठी काही करत जाऊ नकोस रे."

ओरडली असती तर भांडलो असतो. ती दमून बोलत होती.

ती गेल्यावर सगळे मीटर पुन्हा वाचले, बिलांशी ताडून पाहिले आणि अहवाल धाडला. मंजूर झाल्याचा निरोप कॉम्प्युटरनेच पाठवला, खाली कुणाचं नावसुद्धा नाही.

बरोबर भरलं की तिकडून कुणी फोन करत नाही, ताई. पुढच्या वर्षीही मी बरोबरच भरणार आहे.

एवढं आईला वाचून दाखवू नकोस.

या खेपेला कुणाशीच न भांडलेला,
तुझा धाकटा