शुक्रवारचं तेल

४ जुलै, शुक्रवार
आजही तेच. आईने तेल कोमट केलं, दोन मिरे टाकले, मधुमिताअक्काला पाटावर बसवलं. टाळू, मान, मग शिकेकाई, मग वेणी — चाळीस मिनिटं! मी न्हाणीत स्वतःचं स्वतः उरकलं. अकरा मिनिटं.
अपघातापासून अक्काच्या उजव्या मुठीत काही धरलं जात नाही. मला कळतं. तीन वर्षं कळतंय. तरी मोजते.

८ जुलै, मंगळवार
नाचियार्कोविलला समयांच्या कारखान्यात कामावर जाताना बसमध्ये कार्तिक भेटला — मावसभाऊ, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. मी विचारलं, समज दोघी बहिणी आहेत, एकीला चाळीस मिनिटं मिळतात, दुसरीला शून्य — हे बरोबर आहे? त्याला हसू आवरेना. “तू माणसंही मिलिमीटरमध्ये मोजतेस गं!” मग सांगू लागला. समतावाल्यांना दोघींतलं अंतर खुपतं. दुसरे म्हणतात, अंतर सोडा, जी खाली आहे तिचं आधी बघा.
“कसोटी सोपी आहे. खालचीला काहीच मिळालं नाही, फक्त वरचीचं गेलं. अंतर मिटलं. चांगलं झालं?”
मी लगेच नाही म्हटलं.

९ जुलै
खोटं बोलले. आईचे हात मला मिळाले नाहीत तरी चालेल — अक्कालाही मिळू नयेत.

१६ जुलै, बुधवार
कारखान्यात समयांचे नमुने काढतो त्या थ्रीडी प्रिंटरवर अक्कासाठी फणीची मूठ केली. मनगटाला पट्टा, बोटांना खाच. चौथा नमुना नेमका बसला. कारखान्याचे राधाकृष्ण सर म्हणाले, बहीण असावी तर अशी. जी खाली तिला वर उचललं — कार्तिकही नावं ठेवणार नाही. हेतू कुणी विचारला नाही.

१८ जुलै, शुक्रवार
तमिळ आडी महिन्याचा पहिला शुक्रवार. अक्काने स्वतः तेल लावलं, मूठ बांधून विंचरलं. वेणी वाकडी, पण तिची तिने घातलेली. आई वाटी घेऊन पाटाशी उभी होती. मी तिथेच घुटमळले. आता मला बोलावेल!
“तुझं तर तूच करतेस,” म्हणाली. वाटी झाकून ठेवली आणि जाऊन पडली.

२० जुलै, रविवार
आई दोन दिवस फारशी उठली नाही. संध्याकाळी अक्काला म्हटलं, तुला तरी मूठ आवडली ना?
“छान आहे. पण डाव्या हाताने मला दिवाळीपासूनच जमतंय.”
मग आईकडून का करून घेत होतीस?
“अप्पा गेल्यावर ती कशाला उठायची, सांग. शुक्रवारी तेवढी पहाटे उठायची.”
मला का नाही सांगितलंस?
“सांगितलं असतं तर तू बसली असतीस माझ्या जागी पाटावर?”
 आमच्या घरात सगळ्यात खाली कोण, हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

२५ जुलै, शुक्रवार
पहाटे तेल कोमट केलं. वाटी आईच्या हातात दिली, पाटावर बसले. म्हटलं, “माझ्याने होत नाही.”
तिने वाटीत बोटं बुडवली.
“मान खाली कर.”