पाणी न शिरणारा डबा

२० डिसेंबर, शनिवार

हाउसिंग आलं. एकदाचं. पारदर्शक, जाडजूड, दोन्ही बाजूंना मुठी. कॅमेरा आत ठेवायचा, मागचं झाकण लावायचं, खटका दाबायचा आणि पाण्यात उतरायचं. झाकणाच्या कडेला खाच आहे, तिच्यात काळी रबरी रिंग बसते. पाणी अडवायचं काम तीच करते.

भोकरदनमध्ये अंडरवॉटर प्री-वेडिंग आजवर कोणी केलेलं नाही. करायची अक्कल कोणाला? इथल्या फोटोग्राफरांची झेप ड्रोन उडवून नवरा-नवरीला मुंगीएवढं दाखवण्यापर्यंत.

भुजंगमामाने (स्टुडिओ त्याचा, कॅमेराही त्याचा, अक्कल माझी) डबा उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, भाजी कुठं ठेवायची? मी डबा त्याच्या हातातून काढून घेतला.

२२ डिसेंबर, सोमवार

आज दैवशाला स्टुडिओत आल्ती. होणाऱ्या नवऱ्यासोबत.

मुद्दा नवऱ्याचा नाही. मुद्दा असा की एवढे स्टुडिओ असताना ती आमच्याच स्टुडिओत आली. योगायोगावर माझा विश्वास नाही.

नवऱ्याचं नाव कल्याण. संभाजीनगरला कंपनीत. दर वाक्याला 'ॲक्च्युअली' लावतो. पोहता येत नाही, तरी अंडरवॉटर ऐकून मान हलवली. बिनपाठकण्याचा माणूस. शूटिंग दैवशालाच्या वडिलांच्या शेततळ्यात. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायला नवीन खोदलंय, खाली प्लॅस्टिक अंथरलेलं, विहिरीचं पाणी, तळ दिसतो. तारीख ८ जानेवारी.

जमिनीवर माझं तिच्याशी कधी जमलं नाही. मी बोलायला लागलो की आवाज चढतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला तिच्यावरून कँटीनमध्ये एकाच्या अंगावर चहा फेकला. मंग प्राचार्यांनी बोलावलं, मंग मी कॉलेज सोडलं. (कॉलेजने मला काढलं असं सांगणारे खोटारडे आहेत.) तेव्हापासून ती बोलायची बंद झाली. आता सगळं पाण्याखाली. तिथे कोणालाच बोलता येत नाही, म्हणजे भांडणही होत नाही. फक्त ती, मी आणि माझी कला. तिला कळेल.

२४ डिसेंबर, बुधवार

सुमेधाने हाउसिंगचं मॅन्युअल पूर्ण वाचलं. ती स्टुडिओत अल्बमचं एडिटिंग करते आणि जगातली प्रत्येक सूचना वाचते, शाम्पूच्या पुडीवरचीसुद्धा. मला म्हणाली रिंग काढ, पूस, तिच्यावर बोट फिरवून बघ, ग्रीस लाव पण इतकंच की नुसती चमकली पाहिजे. रिंगवर एक केस जरी आडवा राहिला तरी पाणी आत जातं.

एवढं मलाही माहीत आहे. मी मॅन्युअलमधली चित्रं पाहिली आहेत.

मामा मोटारीचं पिवळं ग्रीस घेऊन आला. म्हणे विहिरीतली मोटर ह्याच्यावरच चालून राह्यली. मी डबी हिसकावून नालीत टाकली. अशा लोकांमुळे मराठवाडा मागे आहे.

आजपासून नियम. एक, हाउसिंगला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. दोन, सुमेधाने कमरेपर्यंतची वेणी घेऊन माझ्या टेबलाजवळ यायचं नाही. तिने वेणीचं टोक माझ्याकडे रोखलं आणि हसत हसत आपल्या खुर्चीत जाऊन बसली. गांभीर्य नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

काल रिंग काढताना शर्टावर माझाच केस सापडला. रात्रभर विचार केला. सकाळी जाऊन टक्कल केलं. मिशीसुद्धा.

समर्पण म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. आईने (झुंबरबाई, आवाज पार एस.टी. स्टँडपर्यंत जातो) मला दारात पाहून बोंब ठोकली. शेजारच्या द्वारकाबाई पदर डोक्यावर घेऊन विचारायला आल्या, कोण गेलं? त्यांना समजावून झालं तेव्हा माझा चहा गार झाल्ता.

दुपारी दैवशाला कल्याणसोबत कपड्यांचे रंग ठरवायला आली. मला पाहून थांबली. हळू आवाजात विचारलं, घरात कोणी गेलं का रे? दोन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि किती काळजी त्यात. कल्याणने तर डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. नाटकी.

मी म्हणालो, कोणी नाही, कामासाठी केलंय. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. सुमेधाचं म्हणणं, ती हसू दाबून राह्यली होती. सुमेधाला बायकांमधलं काही कळत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प:
राग नाही.
कल्याणकडे खुन्नसने पाहायचं नाही. (पाहण्यासारखं आहेच काय?)
मॅन्युअल वाचायचं.
कॉलेजचा फॉर्म भरायचा. हे पुढच्या वर्षी.

संध्याकाळी पहिला संकल्प मोडला. कारण सुमेधा. ती म्हणते आधी टेस्ट कर. कॅमेरा न ठेवता रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर टाकायचा, डबा बादलीत बुडवून ठेवायचा, टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा ठेवायचा. मी म्हणालो, ज्याला स्वतःच्या हातावर भरोसा नाही त्याने बादल्या भराव्यात. ती म्हणाली, कॅमेरा मामांचा आहे, भरोसा तुझा. मी स्टुलाला लाथ मारली. अंगठा सुजला. स्टुलाचं काही झालं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकी. राजूरच्या गणपतीला गेल्तो. गर्दी अशी की रांगेत पुढच्याचा घाम माझ्या शर्टाला. हाउसिंग पोटाशी धरून उभा राहिलो. मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, फिश टँक का? अडाणी.

दर्शन बराबर झालं. देवाच्या पायाजवळची दूर्वा मिळाली.

घरी येऊन सगळं शास्त्रशुद्ध केलं. हात धुतले. रिंग काढली, पुसली, बोट फिरवलं, केस नाही, कण नाही. ग्रीस नुसतं चमकेल इतकंच. खाच साफ. कॅमेरा आत ठेवला. मग कॅमेऱ्याच्या मागे दूर्वेची जुडी ठेवली. देव आत असला की बाहेरून काय येणार? झाकण लावताना थोडं अडलं, जोर लावला, खटका बसला. बिलकुल घट्ट.

सुमेधाने फोन करून विचारलं, रिंग पाहिलीस? मी म्हणालो, रिंग, खाच, ग्रीस, सगळं. ती म्हणाली, आणि बादली? मी फोन ठेवला.

८ जानेवारी, गुरुवार. दुपार.

जमलं.

 

शेततळ्यावर सकाळी गेलो. काठाला दोर बांधलेला, ट्रकची हवा भरलेली ट्यूब तयार. कल्याण ट्यूबमध्ये बसून 'ॲक्च्युअली पाणी थंड आहे' म्हणाला. दैवशाला दोर धरून पाण्यात उतरली. लाल ओढणी. मी डुबकी मारली, तिनेही मारली. ऊन थेट तळापर्यंत. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट केलं.

कल्याणकडे नाही. माझ्याकडे.

श्वास घेऊन पुन्हा खाली. पुन्हा बोट माझ्याकडे. आता दोन्ही हात, वर, वर, असे. डोळे मोठे. मला सगळं कळलं. मी एक हात मुठीवरून काढून छातीवर ठेवला आणि मान हलवली. शूटिंग चालूच. तेवढ्यात कल्याणही ट्यूबवरून तोंड पाण्यात घालून माझ्याकडे हातवारे करायला लागला. जळणार नाही तर काय करील. मी त्याला फ्रेममधून काढून टाकलं.

दम संपला तेव्हा वर आलो. डबा जड लागला. काठावर मामा उभा. त्याने डब्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सोमेश्वर, ह्याच्यात पाणी किती बसतं?"

८ जानेवारी. संध्याकाळ.

डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी. कॅमेरा त्यात बसलेला.

स्टुडिओत सगळ्यांसमोर मी सुमेधाला बोललो. वेणी. सांगितलं होतं की वेणी घेऊन जवळ येऊ नको. नियम केला होता. काय काय बोललो ते लिहीत नाही. तिने टेबलाचा दिवा लावला, झाकण उघडलं, चिमट्याने रिंगवरून काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

"केस न्हाई हा. हिरवं हे."

९ जानेवारी, शुक्रवार

कॅमेरा ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला. ज्वारी ओल ओढते. आई म्हणाली, त्या ज्वारीची भाकर तूच खा.

मामाकडे रविवारच्या लग्नाची ऑर्डर आहे, तिला आता कॅमेरा नाही. मामा जालन्याला मस्तगडला एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे मागायला गेला. आजवर मामाने कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. जाताना कॅमेऱ्याची रिकामी पिशवी खांद्याला अडकवली. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं.

दूर्वेचा दोष नाही. रिंगेची खाच खोल हवी होती. बनवणाऱ्याला अक्कल नाही.

११ जानेवारी, रविवार

कॅमेरा गेला. कार्ड चाललं.

मी म्हणालो एकटा पाहीन. सुमेधा उठली नाही, म्हणाली कॉम्प्युटर माझा आहे. पाहिलं. दैवशाला, लाल ओढणी, बोट सरळ माझ्याकडे. तिच्या आणि माझ्या मधून बारीक बुडबुड्यांची रेघ वर जाते. किती सुंदर. असं कोणाला सुचलंही नसतं. मग चित्राच्या खालच्या कडेने पाणी वर सरकत येतं, आणि तिचं माझ्याकडचं बोट त्यात बुडतं.

सुमेधा म्हणाली, ती तुला न्हाई, डब्याला दाखवून राह्यली.

जळते. गुरुवारचं मनात धरलंय.

रात्री दैवशालाला मेसेज केला: त्या दिवशी पाण्यात तुला काय सांगायचं होतं?

१३ जानेवारी, मंगळवार

उत्तर आलं. जसंच्या तसं:

"अरे तुझ्या डब्यातून बुडबुडे निघून राहिले होते. वर जा वर जा म्हणत होते. तू छातीला हात लावलास तर कल्याण घाबरला, त्याला वाटलं तुला काही झालं. पोहता येत नाही तरी ट्यूब सोडून तुझ्याकडे येणार होता, बाबांनी धरलं. आता बरा आहेस ना? लग्नाला ये. कॅमेरा नको आणू."

दोनदा वाचलं. नाही, जास्त वेळा.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. डोक्यावर बारीक केस आलेत, हाताला टोचतात.

स्टुडिओत गेलो. सुमेधाला म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, वेणीला सांग. मी वेणीला सांगितलं. मामा अल्बमला पुठ्ठा चिकटवत होता, त्याने वर पाहिलं नाही, पण पुठ्ठ्याची दुसरी बाजू धरायला माझ्याकडे सरकवली.

दुपारी मॅन्युअल वाचलं. पूर्ण. रिंग काढली, पुसली, बोट फिरवलं. ग्रीस नुसतं चमकेल इतकंच. आत टिश्यू पेपर टाकला, झाकण लावलं, कुठे अडलं नाही. स्टुडिओमागच्या बादलीत डबा दाबून धरला. बोटं गार पडेपर्यंत. एक बुडबुडा नाही.

उघडून पाहिला. टिश्यू कोरडा ठणठणीत. डब्यात पाण्याचा थेंब नाही. कॅमेराही नाही.