कोचला दिलेला आशीर्वाद

मास्तर, तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा दारातच उभे राहिलात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत. वडील आत चुलीपाशी जेवत होते आणि धुसफुसत होते, कारण कबड्डीपायी माझी नववी गेली होती. तुम्ही तिथूनच म्हणालात, "पोरगं घाबरट आहे तुमचं. पण पाय रोवून उभं राहतं. उद्यापासून पाठवा." आईने दिलेलं पाणी प्यायलात आणि निघालात. तुमचं खेळाडू मागायला येणं एवढंच. ते आज आठवायचं कारण असं, की इथे अमेरिकेत, टेक्सासात, मुलाच्या घरी सोफ्यावर बसून मी दर शनिवारी टीव्हीवर एका माणसाला बघतो आणि माझ्या जिवाचा संताप होतो. त्याला कोच म्हणतात. तुम्हालाही मुलं कौतुकाने कधी कधी कोच म्हणायची, तो शब्द या माणसाने पार नासवून टाकला.

माझा नातू अंगाने दांडगा निघाला, आमच्या घरात कुणीच नाही इतका. इथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या खेळात, समोरच्याला अंगावर घेऊन अडवायचं, हे त्याचं काम. बॉलला हातसुद्धा लावायचा नाही. मी त्याला गॅरेजमध्ये तुमचंच शिकवायचो, कंबर खाली, नजर वर. आणि मॅच असली की त्याच्या मानेला काही होईल म्हणून घरी येरझाऱ्या घालायचो. इथली कॉलेजं अशी मुलं शाळेत असतानाच हेरतात आणि फुकट शिकवायचं कबूल करून नेतात. नातवाला दोन कॉलेजांनी विचारलं. एक लहान होतं. तिथला म्हातारा कोच फोनवर म्हणाला, पाय जड आहेत, दोन वर्षं बाकावर बसेल, मग बघू. घरात सगळ्यांना राग आला. मला मात्र तुमचा आवाज ऐकल्यासारखं झालं. मी तसं म्हणायला गेलो तर मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज, तुम्हाला यातलं काय कळतं?" खरंच आहे, कळत नाही.

दुसरं कॉलेज मोठं. त्याचा कोच रोज नातवाच्या फोनवर मेसेज पाठवायचा, आणि दोन हजार सहाच्या डिसेंबरात स्वतः घरी आला. सुनेने पुरणपोळ्या केल्या होत्या. जिंकलेल्या स्पर्धेची अंगठी केवढी त्याच्या बोटात! देहही तसाच, मला खुर्चीची काळजी, ती मोडते की काय. तो मुलगी बघायला आल्यासारखा वागतो आहे. नातवाला उभं करतो, वळायला लावतो, घोटे बघतो. मग मुलाकडे बघतो, सुनेकडे बघतो, माझे खांदे बघतो. मी मुलाला विचारतो, "माझ्याकडे काय बघतोय हा?" मुलगा कुजबुजतो, "पोरगं अजून किती भरेल, त्याचा अंदाज घेतात, बाबा." बाजारात बैल घेताना निदान गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाचे खांदे कुणी चाचपत नाही. पोळ्या चापतो, सुनेला 'मॉम' म्हणतो, तोंडभर हसतो. आम्ही सगळे एक कुटुंब आहोत, असं दर दोन घासांनी सांगतो. या घरात येण्याआधी तो किती घरांतलं कुटुंब झाला होता, कोण जाणे.

निघताना तो माझ्यासमोर आला आणि वाकला. दोन्ही हातांनी माझ्या पायांना शिवला, अगदी नीट, आपल्याकडे करतात तसं. कुणाला तरी विचारून आला होता, नाहीतर त्याला कुठून माहीत? सून तर रडायलाच लागली, "बाबा, तो पाया पडला हो!" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि म्हणालो, यशस्वी हो. त्या रात्री नातवाने मला विचारलं, "आजोबा, व्हॉट डू यू थिंक?" घरात मला पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं होतं. मी म्हणालो, पाया पडलेला माणूस फसवणार नाही. नातवाने लहान कॉलेजला नकार कळवला. सह्या फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, तोवर सगळा व्यवहार तोंडी. जानेवारीत हा गृहस्थ आणखी मोठ्या कॉलेजात निघून गेला. एक फोन नाही, आणि रोज येणारे मेसेज बंद. त्याच्या जागी आलेल्या नव्या कोचने कळवलं, आम्हाला वेगळ्या चणीची मुलं हवीत. लहान कॉलेजातली जागा तोवर भरली होती. नातू म्हणाला, "इट्स ओके आजोबा, दे ऑल डू इट." मग त्याने खेळ सोडला. आता इथेच कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, आणि खुर्चीत असा बसतो की त्याचे ते खांदे कुठे गेले, असं वाटतं.

आम्ही तुमच्या पाया पडायला वाकलो की तुम्ही टुणकन मागे सरायचात. "पाय धरायचे तर चढाईला येईल त्याचे धरा रे, माझे नकोत!" आम्ही हसायचो. मास्तर, हा माणूस चढाईलाच आला होता. माझे पाय धरून त्याने अख्खं घर बाद केलं, आणि मी वर त्याला आशीर्वाद दिला.

आणि तो लागू पडला आहे. त्याची टीम जिंकतेच आहे. शनिवारी त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, तो टीव्हीवर तेच म्हणतो, आम्ही एक कुटुंब आहोत. परवा नातू मागून येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा ब्लेसिंग रिटर्न करता येत नाही का? रिसीट ठेवली होती का तुम्ही?" सगळे हसले, तोही हसला. मला हसू आलं नाही. दिलेला आशीर्वाद कसा परत घ्यायचा, हे मी कुणाला विचारू?

हा कागद मी घडी करून गादीखाली ठेवणार आहे. तुम्ही गेल्यावर पाठवायचा तरी कुठे? पण एक सांगून टाकतो. नातू परीक्षेला जाताना पाया पडतो तेव्हा माझं निम्मं लक्ष टीव्हीत असतं, एका हाताने डोकं थोपटतो आणि असू दे असू दे म्हणतो. त्या कोचच्या डोक्यावर मी दोन्ही हात ठेवले होते, डोळे मिटून.